विजेची मोटार आणि तिचा प्लग

माळेगांव बुद्रुकहून बारामतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एखादी तीन चाकी मालवाहू रिक्षा आवाज न करतां आपल्या पुढें निघून गेली, तर ती आपल्याच तालुक्यांत तयार झालेली असण्याचा पुष्कळ संभव आहे. बारामतीच्या औद्योगिक वसाहतींतील पियाजिओच्या कारखान्यांत तेलावरच्या रिक्षांबरोबर विजेच्या रिक्षाही होतात. तेव्हां विजेचें वाहन हें मुंबई-पुण्याचें खूळ आहे, असें म्हणण्याची सोय आपणांस राहिलेली नाहीं. पेट्रोल लिटरास शंभर रुपयांच्या वर गेल्यापासून दूध घालणारा व बाजारास जाणारा शेतकरी या वाहनाचा हिशेब मनांत करूं लागला आहे. तो हिशेब बहुधा गाडीच्या किंमतीपाशीं सुरू होतो आणि तेथेंच संपतो. आमच्या मतें तो गाडीच्या प्लगापासून सुरू करावा.

बचत खरी आहे, हें प्रथम सांगितलें पाहिजे. विजेची लहान मोटार एका युनिटांत सहा-सात किलोमीटर चालते. युनिटास दहा रुपये धरले तरी किलोमीटरामागें दीड रुपयाच्या आसपास खर्च येतो. तेवढीच पेट्रोलची गाडी लिटरांत पंधरा-सोळा किलोमीटर गेली, तर हाच खर्च सहा-सात रुपयांवर जातो. परंतु ही बचत घरीं वीज भरणाऱ्याची आहे. रस्त्यावरील जलद चार्जरवर युनिटाचा दर घरच्यापेक्षां पुष्कळ चढा असतो.

घरांत येणारी वीज क्षणाक्षणाला दिशा पालटणारी असते. बॅटरींत सांठते ती एकाच दिशेनें वाहणारी. हा पालट करणारें लहान यंत्र मोटारींतच बसविलेलें असतें. घरच्या मोठ्या सॉकेटांतून तासाला सुमारें तीन युनिटें मिळतात, म्हणून तीस युनिटांची बॅटरी भरण्यास दहा तास, म्हणजे एक रात्र लागते. जलद चार्जरांत हें पालट करणारें यंत्र मोठें असून तें गाडीच्या बाहेर असतें व वीज थेट बॅटरींत ओततें. येथें प्लगाचा आकार, विजेचा दाब आणि गाडी व चार्जर यांनीं एकमेकांस इशारा देण्याची रीत, हीं तिन्ही जुळावीं लागतात. दोन इंची नळाला अडीच इंची कपलिंग बसत नाहीं, हें ज्यानें पाइपलाइन केली आहे त्यास निराळें सांगावयास नको.

हीं मापें न जुळल्यानें काय होतें, याचा धडा आपल्या देशानें नुकताच घेतला आहे. २०१७ सालीं केंद्र सरकारनें ‘भारत ए.सी. ००१’ व ‘भारत डी.सी. ००१’ अशीं दोन मापें पुढें आणलीं. दुसऱ्याचा प्लग चिनी पद्धतीचा, शक्ति पंधरा किलोवॅट, आणि योजना त्या वेळच्या कमी दाबाच्या गाड्यांसाठीं. महिंद्राची ई-व्हेरिटो व टाटांची पहिली विजेची टिगोर या त्यांतल्याच. सरकारी कचेऱ्यांसाठीं अशा गाड्या घेतल्या गेल्या व शहरांतून त्या मापाचे चार्जरही उभे राहिले. पुढें २०२० च्या जानेवारींत टाटांची विजेची नेक्सॉन आली, ती तीनशें व्होल्टांवरील दाबाची आणि युरोपांत रूढ असलेल्या सी.सी.एस. २ या प्लगाची. मागाहून बहुतेक मोटार कंपन्यांनीं तोच प्लग पत्करला. जुना चार्जर बिघडला नव्हता. त्याच्याकडे येणारें गिऱ्हाईक तेवढें संपलें. ज्यांनीं त्यांत भांडवल घातलें त्यांचें तें अडकून पडलें. हा घोळ आपल्याच नशिबीं होता असें नाहीं. जपानचा चॅडेमो निराळा, चीनचा निराळा. आणि अमेरिकेंत २०२३ सालीं फोर्डनें टेस्लाचा प्लग घेण्याचें जाहीर केल्यावर एकामागून एक कंपन्या आपला जुना प्लग सोडून त्याकडे वळल्या. युरोपनें मात्र २०१४ सालींच कायद्यानें एक माप ठरवून टाकलें होतें.

आपल्याकडे मोटारीचा प्रश्न असा बव्हंशीं सुटला. दुचाकीचा सुटलेला नाहीं. एथर कंपनीनें आपला प्लग २०२१ सालीं इतरांस खुला केला, २०२३ सालीं भारतीय मानक ब्यूरोनें त्यास मान्यता दिली, तरी सर्व कंपन्यांनीं तो घेतलेला नाहीं. तीन चाकीची तऱ्हा आणखी वेगळी. पियाजिओनें २०१९ च्या अखेरीस आणलेल्या विजेच्या आपे रिक्षेंत रिकामी बॅटरी देऊन भरलेली घेण्याची सोय होती; २०२१ सालीं त्याच कंपनीनें बॅटरी कायम बसविलेली रिक्षा आणली. बॅटरी बदलण्याच्या पद्धतीविषयीं नीति आयोगानें एप्रिल २०२२ मध्यें धोरणाचा मसुदा प्रसिद्ध केला. शहरांत ती पद्धत सोयीची खरी, पण ज्या गांवांत बदली केंद्र नाहीं तेथें बसविलेली बॅटरीच बरी. तिला रात्रीची घरची वीज पुरते.

आतां विहिरीवरच्या मोहाविषयीं. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचें बिल सरकार भरूं लागलें. तेव्हां पंपाच्या पेटींतूनच गाडी भरावी असें कोणाच्याही मनांत येईल. तसें करूं नये. ज्या कामासाठीं जोडणी घेतली त्याहून निराळ्या कामास ती वापरणें, हा विद्युत कायदा २००३ च्या १२६ व्या कलमाप्रमाणें अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दरानें होते. घरच्या जोडणीवर घरची गाडी भरण्यास मात्र परवान्याची गरज नाहीं. मंजूर भार पुरेसा आहे ना, तार जाड आहे ना आणि अर्थिंग खरोखरीचें आहे ना, एवढें जाणत्या वायरमनकडून पाहून घ्यावें. जुन्या वाड्यांत अर्थिंगची तार पुष्कळदां भिंतींतच संपलेली असते!

उंसकऱ्याची स्थिति मात्र दुहेरी आहे. पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट २०२५ सालीं गांठलें गेलें, म्हणजे पेट्रोलची मोटार ही उंसाचीही गिऱ्हाईक झाली. तें गिऱ्हाईक किती परस्वाधीन आहे, हें डिसेंबर २०२३ मध्यें दिसून आलें. सरकारच्या एका हुकुमानें उंसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास आळा बसला आणि ऑगस्ट २०२४ मध्यें तो उठविला गेला. पेट्रोलच्या मोटारी घटल्या तर हें गिऱ्हाईक हळूहळू रोडावेल, हें उघड आहे. पण साखर कारखाने बगॅस जाळून वीजही करतात व ती विकतात; विजेच्या मोटारी वाढल्या तर या मालाला मागणी वाढेल.

चार्जिंग केंद्र चालविण्यास परवाना लागत नाहीं, हें केंद्र सरकारनें २०१८ सालींच स्पष्ट केलें आहे. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभेंत असा ठराव मांडण्यास हरकत नाहीं कीं, आवारांत प्रथम दुचाकी व रिक्षांसाठीं साधीं सोळा अँपियरचीं सॉकेटें व मोटारींसाठीं एक टाइप २ चा संथ चार्जर बसवावा. जलद चार्जर घेणेंच झाल्यास तो सी.सी.एस. २ चाच असावा आणि तसें मागणीपत्रांत लिहून घ्यावें.