सौरऊर्जेचे सरकारी अनुदान आणि अर्जाचे कागद

घाऊक धान्याच्या व्यापारात शेतकरी आणि आडत्या यांचा संबंध केवळ माल व पट्टी यांपुरता कधीच राहिलेला नाही. हंगामास उचल देणारा आणि सरकारी कागद वाचून दाखविणारा माणूस म्हणून खेड्यांतील शेतकरी आजही पेढीकडे पाहतो. अलीकडे त्याच्या विचारणेत एका नव्या विषयाची भर पडली आहे. शेतावर सौरपंप बसविण्यास सरकार पैसे देते, ते कसे मिळतात, हा तो प्रश्न होय. सभासद बंधूंस त्याचे उत्तर नेमके ठाऊक असावे, एवढ्याच हेतूने हे चार शब्द लिहीत आहोत.

सीमाभागात पहिला विचार करावयाचा तो जमीन कोणत्या राज्यात आहे याचा. पेढी व राहते घर बेळगावात आणि जमीन चंदगड तालुक्यात, अशी आपल्यापैकी कित्येकांची स्थिती आहे. सौरपंपाचा अर्ज जमीन जेथे असेल त्या राज्याच्या योजनेत जातो. अर्जदाराचे घर कोठे आहे यावर ते ठरत नाही.

2019 साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या कुसुम योजनेत ठरीव किमतीच्या 30 टक्के रक्कम केंद्राने द्यावयाची, असे धोरण ठरले. उरलेल्या भागात राज्याने किती उचलावयाचे, हे राज्याराज्यांत निराळे आहे. कर्नाटक शासनाने आपला वाटा 30 वरून 50 टक्क्यांवर नेल्यावर शेतकऱ्याच्या अंगावर 20 टक्के राहिले. महाराष्ट्राने 2024 साली काढलेल्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा वाटा 10 टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याचा 5 टक्के ठेविला. तेथे अडीच एकरांपर्यंत 3, पाच एकरांपर्यंत 5 आणि त्याहून अधिक जमिनीस साडेसात अश्वशक्तीचा पंप, असे प्रमाण आहे.

अर्ज अडतो तो बहुधा कागदांपायी. सातबारा उताऱ्यावर विहिरीची वा कूपनलिकेची नोंद नसते. जमीन चार भावांची असून इतर हिस्सेदारांचे संमतिपत्र जोडलेले नसते. आधार, बँकेचे पुस्तक व उतारा या तिहींवर नाव तीन प्रकारे लिहिलेले असते. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी तलाठ्याकडे जाऊन नोंदी दुरुस्त करून घ्याव्यात. ज्या शेतास पंपासाठी पूर्वीच विजेची जोडणी मिळालेली आहे, ते महाराष्ट्राच्या या योजनेत बसत नाही, हेही शेतकऱ्यास आधीच सांगावे.

घराच्या छपरावरील सौरयंत्राची गोष्ट निराळी. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एक किलोवॅटास 30,000, दोनांस 60,000 आणि तीन वा अधिकांस 78,000 रुपये असे अनुदान ठरले. पंपाच्या योजनेत शेतकरी फक्त आपला वाटा भरतो व अनुदान पंप पुरविणाऱ्यास परस्पर जाते. येथे मात्र यंत्र बसून, वीज कंपनीची तपासणी व मीटर होऊन, मगच रक्कम ग्राहकाच्या खात्यात जमा होते. तेव्हा प्रथम पैशाची तजवीज आपणच करावी लागते. वीजबिल दिवंगत वडिलांच्या नावावर असल्यास ते प्रथम वारसाच्या नावावर करून घ्यावे. हे अनुदान राहत्या घरांसाठी आहे. दुकान वा गुदाम यांस ते लागू नाही.

आता या लेखाचा मुख्य मुद्दा. गेल्या हंगामात आमच्याकडील एक शेतकरी नोंदणी फी भरण्यासाठी पाच हजारांची उचल मागावयास आला. त्याच्या मोबाईलवर आलेला मंजुरीचा कागद आम्ही पाहिला. त्यावर राजमुद्रा होती, परंतु पैसे भरावयाचे खाते एका खाजगी इसमाचे होते. त्यास उचल न देता आम्ही वीज कंपनीच्या कचेरीत पाठविले, तेव्हा असा अर्जच तेथे नोंदलेला नाही असे कळले. कुसुम योजनेच्या नावाने खोटी संकेतस्थळे चालतात, अशी सावधगिरीची सूचना केंद्रीय मंत्रालयानेही वेळोवेळी दिली आहे. सबब अर्ज स्वतः हेस्कॉम वा महावितरणच्या कचेरीत विचारूनच करावा आणि खाजगी खात्यात एक रुपयाही भरू नये. उचल देणारा आडत्या क्षणभर थांबून कागद पाहील, तर शेतकऱ्याचे पैसे वाचतील.

याची दुसरी बाजूही सांगणे अवश्य आहे. अधिक अश्वशक्तीचा पंप मिळावा म्हणून जमीन वाढवून दाखविणे किंवा असलेली वीजजोडणी लपविणे, असे सल्लेही बाजारात मिळतात. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत खोट्या मापाबरोबरच विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याच्या नियमांचे उल्लंघन, हाही आपल्या आचार्यांनी गणला आहे. अनुदान हा जनतेचा पैसा आहे. तराजूत जी सचोटी आपण पाळतो, तीच अर्जाच्या कागदातही पाळावी.

प्रत्येक पेढीने आपल्या ओळखीच्या निदान दोन शेतकऱ्यांचे कागद यंदा तपासून द्यावेत, अशी सभासद बंधूंस आमची नम्र विनंती आहे. त्यास खर्च काही नाही. तासाभराचा वेळ मात्र द्यावा लागेल.