डोंगराआडच्या लहरी आणि घरावरची छत्री

आकाशमार्गे येणाऱ्या लहरींशी जुन्नरच्या मुलुखाचा संबंध तसा जुना आहे. उपग्रहामार्फत परदेशांशी दळणवळण साधणारे विक्रम भूकेंद्र १९७१ साली याच तालुक्यातील आर्वी येथे उभे राहिले, पुढे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण साकारली. त्या जागेची निवड करताना मानवनिर्मित रेडिओ-कोलाहलाचा अभाव हा मोठाच गुण मानला गेला. परंतु शहरी लहरींना थोपवणारे जे डोंगर खगोलशास्त्रज्ञास वरदान वाटले, तेच दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकास दीर्घकाळ तापदायक ठरले.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढील वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे ते पुणे इलाख्यात दिसू लागले. सिंहगड समुद्रसपाटीपासून १३०० मीटरच्या आसपास उंच असला, तरी जुन्नर त्याच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर आहे; आणि या लहरी बहुतांशी सरळ रेषेत प्रवास करीत असल्यामुळे, वाटेत डोंगर आला की त्याच्यामागे त्यांची छाया पडते. जुन्नर शहराच्या नेमक्या दक्षिणेस मानमोडीचा डोंगर असल्याने त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याने खांब कितीही उंच केला तरी निराशाच पदरी पडावी, आणि मंचरच्या मोकळ्या सपाटीवरील घरास मात्र तुलनेने बरे चित्र लाभावे, हा भूगोलाचाच न्याय होता.

त्या काळी पडद्यावरील दोषावरून रोगाचे निदान करता येत असे. मुंग्या दिसल्या म्हणजे संकेत क्षीण आहे असे समजावे. मूळ आकृतीच्या उजवीकडे तिची फिकट प्रतिकृती दिसली, तर तोच संकेत एखाद्या कड्यावर आदळून ३०० मीटर अधिक अंतरामागे सेकंदाचा दशलक्षावा भाग या हिशेबाने उशिरा पोहोचत आहे असे जाणावे. आणि ठिपक्यांचे आडवे पट्टे आले, तर जवळच्या वीजवाहिनीवर किंवा एखाद्या मोटारीत ठिणग्या उडत आहेत असा तर्क करावा. जपानमधील उडा आणि यागी यांनी १९२६ च्या सुमारास पुढे आणलेल्या बहुदांडी अँटेनाची लांब दांडी मागे आणि आखूड दांड्या प्रक्षेपकाच्या दिशेस असाव्या लागतात, हे ठाऊक नसल्याने अनेकांनी तो उलटा बसवून बूस्टरवर खर्च केला. वस्तुतः बूस्टर संकेताबरोबर कोलाहलही वाढवतो, आणि जे अँटेनापर्यंत पोहोचलेच नाही ते त्यास निर्माण करता येत नाही.

तो अध्याय आता जवळजवळ संपला आहे. सामरिक महत्त्वाचे सुमारे ५० प्रक्षेपक वगळता दूरदर्शनचे जुन्या पद्धतीचे भूस्थित प्रक्षेपण ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्यात आले. सबब, मासिक शुल्काविना चित्र पाहू इच्छिणाऱ्या घरास २००४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या आणि आज फ्री डिश या नावाने परिचित असलेल्या सेवेची छत्री हाच सुलभ मार्ग उरला आहे. तिचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असून जुन्नर-मंचरच्या परिसरातून तो आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश उंचीवर येतो. त्यामुळे दूरचा डोंगर सहसा आड येत नाही, मात्र अंगणातला वाढलेला आंबा किंवा शेजाऱ्याचा नवा मजला येऊ शकतो. छत्रीचा चेहरा मात्र ५८ अंशांपेक्षा बराच उभा दिसतो, कारण तिची रचना तिरकस येणारे किरण ग्रहण करण्यासाठीच केलेली असते.

बिघाड झाल्यास तपासाचा क्रम ठरवून घ्यावा. नव्या पद्धतीत चित्र हळूहळू मंद होत नाही. ते चौकोनी तुकड्यांत फुटते आणि मग एकाएकी लोपते. मुसळधार पावसात असे झाले, तर ढगांतील व सरींतील पाणीच लहरी शोषून घेत असल्याने काही वेळ वाट पाहणे हाच उपाय होय. आभाळ निवळल्यावरही दोष टिकला, तर सेट-टॉप बॉक्सच्या यादीतील स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी या दोन पट्ट्या पाहाव्या. पहिली भरलेली व दुसरी रिकामी असेल, तर बहुधा छत्री वाऱ्याने अथवा वानरांच्या उड्यांनी हलली आहे; दोन्ही रिकाम्या असतील, तर केबल, तिचे जोड किंवा छत्रीपुढील एलएनबी यांवर संशय घ्यावा. आपल्याकडील पावसाळ्यानंतर जोडांत पाणी शिरून तांबे हिरवे पडणे हा फार मोठा दोष असतो. तेथील केबल थोडी कापून नवा कनेक्टर बसवावा, वर जलरोधक पट्टी गुंडाळावी, आणि घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली झुकलेला वळसा द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकते. जोड उघडण्यापूर्वी बॉक्सचा वीजपुरवठा बंद करावा, आणि विजा चमकत असताना पत्र्यावर चढू नये.

खोडदच्या संशोधकांनी दुर्बिणीच्या निरीक्षणांतील व्यत्ययाचा माग काढला, तेव्हा त्याची काही उगमस्थाने परिसरातील वीजवाहिन्यांवरच सापडली. म्हणून खांबावर ठिणगी उडताना किंवा सैल तार लोंबकळताना दिसली, तर स्वतः काठी घेऊन पुढे न सरसावता महावितरणच्या कार्यालयात लेखी तक्रार नोंदवावी. तीत आपल्या घराची सुरक्षितता आहे आणि शेजारच्या दुर्बिणीचेही हित आहे.