लहान संगणकाची रोजची तपासणी

विहिरीवरील पंपाचे तास व जमिनींतील ओल टिपण्यासाठीं ज्या बागाइतदार बंधूंनीं ‘रास्पबेरी पाय ४’ हा तळहाताएवढा संगणक बसविला असेल, त्यांनीं त्याची तपासणी नित्य करावी. तो न सांगतां मंदावतो आणि रात्रीच्या नोंदी बुडतात.

प्रथम ‘अपटाइम’ ही आज्ञा द्यावी. तीवरून गेल्या १, ५ व १५ मिनिटांच्या भाराची सरासरी कळते. या यंत्रांत चार कोअर आहेत. सबब १५ मिनिटांचा आंकडाहि ४ च्या वर राहिला, तर काम तुंबलें असें समजावें. ‘फ्री’ या आज्ञेनें मेमरींतील व ‘डीएफ’नें कार्डावरील मोकळी जागा दिसते. कार्ड भरलें कीं नवी नोंद उतरत नाहीं.

प्रोसेसरची उष्णता ८० अंश सेल्सिअसवर गेली, किंवा वीज सुमारें ४.६३ व्होल्टच्या खालीं उतरली, तर यंत्र आपली गति स्वतःच कमी करतें. याकरितां तें उन्हांतील बंद पत्र्याच्या पेटींत ठेवूं नये व वायर बारीक वापरूं नये.

हे आंकडे वहींत तारीखवार लिहावे. एका शेतावरून गांवाची आणेवारी ठरत नाहीं. तद्वत् एका दिवसाच्या आंकड्यावरून यंत्रास दोष देऊं नये.