नकार मुलाचा, जबाबदारी पालकांची

माळशेज घाटाच्या पायथ्याकडे जाणाऱ्या कल्याण-अहिल्यानगर मार्गावर मुरबाड तालुक्यातील वैशाखरे हे गाव आहे. अशा गावात एखाद्या बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलाला कुत्रा चावला आणि ते जखमेला हातच लावू देईना, तर आईवडिलांनी काय करावे? प्रश्न घरगुती वाटतो. वस्तुतः तो वैद्यक, कायदा आणि अर्थव्यवहार या तिन्हींना स्पर्श करणारा आहे.

चाव्याची जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली निदान 15 मिनिटे धुवावी, असे वैद्यक सांगते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. साहजिकच, ही 15 मिनिटे व नंतरची लस यांना पर्याय नाही. परंतु अशा मुलांपैकी अनेकांना साबणाची झोंब आणि भोवतालचा गलका असह्य होतो. मूल ओरडते, ओरबाडते, पळते. ‘करूच देत नाही, काय करणार?’ असे म्हणून घरचे थांबतात. त्यामागे बहुधा निष्काळजीपणा नसतो, माया असते. तथापि विषाणूला हा भेद कळत नाही.

प्रतिकार म्हणजे निर्णय नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. ज्याला परिणामांची कल्पना नाही, त्याचा नकार हा भीतीचा उद्गार असतो. भारतीय दंड संहितेचे कलम 89 आणि 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 27 यांत हेच तत्त्व आहे. बारा वर्षांखालील मुलाच्या किंवा मनोविकल व्यक्तीच्या हितासाठी पालकाने सद्भावनेने केलेल्या कृतीस, काही मर्यादा घालून, कायदा संरक्षण देतो. मात्र दिव्यांगांना क्रूर व अमानुष वागणुकीपासून संरक्षण देणारा 2016 चा कायदाही तितकाच बंधनकारक आहे. बळ हा पहिला उपाय नव्हे, शेवटचा होय. आणि तेव्हाही मुलाला पालथे दाबणे किंवा त्याच्या छातीवर, मानेवर भार देणे जिवावर बेतू शकते.

किंबहुना कोठे धरावे आणि कोठे धरू नये, हे जाणणे हीच खरी जबाबदारी. चाव्याची जखम धुण्यासाठी हात धरावा लागेल. पण फेफऱ्याचे झटके येत असताना मुलाला जखडू नये, तोंडात काही घालू नये, केवळ कुशीवर वळवावे. सर्पदंशात तर झटापट हीच घातक, कारण दंश झालेले अंग हलता कामा नये. हे ज्ञान ऐनवेळी येत नाही. रोजच्या अंघोळीत हातपाय धुऊन घेण्याची सवय, खेळात बाहुलीला पट्टी बांधणे, संकटात एकाच ओळखीच्या माणसाने हळू बोलणे, ही तयारी बिनखर्चाची आहे.

खर्च पुढे येतो. दंडात घ्यावयाच्या लशीच्या नेहमीच्या वेळापत्रकानुसार 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी दवाखाना गाठावा लागतो. प्रतिकार करणाऱ्या मुलाबरोबर दोन माणसे लागतात. म्हणजे लस फुकट असली तरी दहा दिवसांची मजुरी बुडण्याची वेळ येते. भातकापणीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाला हा भार पेलेल काय? जवळच्या ठिकाणी मोफत आरोग्यसेवा आणि उपचारात अग्रक्रम यांची तरतूद 2016 च्याच कायद्याच्या कलम 25 मध्ये आहे. तिची अंमलबजावणी ही मेहेरबानी नव्हे.

मूल संस्थेकडे सोपविले म्हणजे प्रश्न मिटतो असेही नाही. शेजारच्या शहापूर तालुक्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या वसतिगृहातील मृत्यूंची मुंबई उच्च न्यायालयाला 2010 साली स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. घरात असो वा संस्थेत, मुलाला सांभाळणाऱ्या हातांना शिकवावेच लागेल. आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका गावात आहेत. प्रथमोपचाराचा हा धडा त्यांच्यामार्फत दिव्यांग मुलाच्या प्रत्येक घरी पोहोचला पाहिजे. पालकांकडून कर्तव्याची अपेक्षा करणाऱ्या समाजाने आधी आपले कर्तव्य पार पाडावे, हेच न्यायाला धरून होईल.