विश्रांतीचा दिवस का कापायचा नाही? नामचे आणि दिंगबोचेच्या मुक्कामात शरीर काय करतं

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकचं वेळापत्रक हातात आलं की त्यातल्या दोन ओळी लोकांना खटकतात. तिसरा दिवस, नामचे बाजार, विश्रांती. सहावा दिवस, दिंगबोचे, विश्रांती. सुट्टी मोजून मिळालेली असते, परतीचं तिकीट काढलेलं असतं. मग पूर्वतयारीच्या बैठकीत कुणीतरी विचारतंच, "आम्ही दर रविवारी सह्याद्रीत चालतो. हे दोन दिवस वाचवता नाही का येणार?" आजचं व्याख्यान म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

आधी हवेचं बघू. उंचावर ऑक्सिजन कमी असतो असं आपण म्हणतो, पण हवेतलं त्याचं प्रमाण सगळीकडे सारखंच असतं, साधारण २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. दाब कमी झाला की एका श्वासात येणारा ऑक्सिजनही तेवढा कमी होतो. कळसूबाई आपल्या राज्यातलं सर्वांत उंच शिखर, उंची १६४६ मीटर. तिथे समुद्रसपाटीच्या ८० टक्क्यांहून जास्त दाब असतो, त्यामुळे शरीराला फारसं काही जाणवत नाही. नामचे ३४४० मीटरवर आहे, तिथे तो साधारण दोन तृतीयांश उरतो. बेस कॅम्पला, म्हणजे ५३६४ मीटरवर, जवळजवळ निम्मा. सह्याद्रीतल्या चालण्याने पाय तयार होतात, दम वाढतो, आणि ते हवंच. पण निम्म्या दाबाच्या हवेची सवय सह्याद्रीत होऊ शकत नाही, कारण तेवढी उंचीच आपल्याकडे नाही.

आता शरीर काय करतं ते पाहू. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांजवळ ऑक्सिजनची पातळी ओळखणाऱ्या पेशी असतात. पातळी घसरली की त्या मेंदूला कळवतात आणि श्वास जलद होतो. पण जलद श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर जातो आणि रक्तातला आम्लपणा कमी होतो. ते मेंदूला चालत नाही, तो श्वासाला लगाम घालतो. म्हणजे एकीकडून 'जोरात घे' आणि दुसरीकडून 'थांब' अशी ओढाताण सुरू होते. रात्री झोपेत श्वास मध्येच काही सेकंद थांबतो, मग माणूस मोठा श्वास घेत दचकून जागा होतो, ते यामुळेच. नवख्या माणसाला भीती वाटते, पण तेवढ्यावरून घाबरायचं कारण नसतं.

ही ओढाताण मिटवतात ती मूत्रपिंडं. ती रक्तातलं बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकतात, आम्लपणाचा तोल सावरतात, आणि मग मेंदू श्वासावरचा लगाम सैल करतो. हे काम काही तासांत सुरू होतं, पण पुरं व्हायला काही दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात. तुम्ही कितीही तंदुरुस्त असा, मूत्रपिंडाला घाई करता येत नाही. लॉजमध्ये रात्री तीनदा थंडीत उठून लघवीला जावं लागलं तर वैतागू नका, काम नीट चाललं आहे.

आता थोडा इतिहास, कारण 'विश्रांतीचा दिवस' आला कुठून हे त्यातून कळतं. १९५३ ची ब्रिटिश मोहीम काठमांडूच्या खोऱ्यातून चालत निघाली आणि सुमारे अडीच आठवड्यांनी तेंगबोचेला पोचली. त्यानंतरही त्यांनी आसपासच्या डोंगरांवर उंचीची सवय करण्यात तीनेक आठवडे घालवले. १९६४ साली लुक्लाची धावपट्टी झाली. आज आपण विमानाने थेट २८६० मीटरवर उतरतो आणि आठव्या दिवशी बेस कॅम्पला जातो. विमानाने आपले चालण्याचे दिवस वाचवले, पण शरीराला लागणारे दिवस तेवढेच राहिले. नामचे आणि दिंगबोचेचे दोन दिवस म्हणजे त्या कर्जाची अगदी थोडी परतफेड आहे. तीही बुडवायची म्हटलं तर वसुली शरीराकडूनच होणार.

याला पुरावाही आहे. १९७६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पेरिचेमधून जाणाऱ्या २७८ ट्रेकर्सची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या ५३ टक्के लोकांना उंचीचा त्रास झाला होता. जे लुक्लाला विमानाने आले, भरभर चढले आणि वाटेत कमी रात्री थांबले, त्यांच्यात तो जास्त होता. तरुणांमध्येही जास्त. आणि आधी उंचावर जाऊन आल्याचा अनुभव इथे उपयोगी पडलेला दिसला नाही.

म्हणून आज सर्वसाधारण नियम असा सांगतात: ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक जास्तीची रात्र त्याच उंचीवर काढावी. आता वेळापत्रकाकडे पुन्हा बघा. दुसऱ्या दिवशी आपण फाकदिंगहून, २६१० मीटरवरून, नामचेला ३४४० वर येतो. एका दिवसात ८३० मीटर! बहुतेक सगळे असंच करतात. ही उडी पचवायलाच तिसरा दिवस ठेवलेला असतो.

मग त्या दिवशी करायचं काय? दिवसभर पांघरुणात पडून राहू नका. सकाळी हळूहळू वर चढायचं, तासभर थांबायचं आणि झोपायला खाली यायचं. नामचेहून ३८८० मीटरवरच्या एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलपर्यंत जाऊन येता येतं. दिंगबोचेला मागच्या टेकडीवर जमेल तेवढंच चढा. दुपारी जेवण, पाणी, कपडे वाळवणं, आराम. दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत, दोन्हींमुळे झोपेतला श्वास मंदावू शकतो. लसणाचं सूप सगळीकडे मिळतं, खुशाल प्या, पोटात गरम पातळ पदार्थ जातो. पण तो उंचीवरचा उपाय समजू नका.

दिंगबोचेची टेकडी ओलांडली की पेरिचे. तिथे १९७३ साली स्थापन झालेल्या हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं उपचार केंद्र आहे. हंगामात तिथले डॉक्टर दुपारी ट्रेकर्सना याच विषयावर माहिती देतात. जमलं तर जरूर ऐका.

आता सर्वांत महत्त्वाचं. डोकं दुखणं, मळमळ, भूक जाणं, चक्कर, न झेपणारा थकवा: उंचावर हे दिसलं की दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजायचा. त्रास आहे तोवर वर जायचं नाही. वाढला तर खाली उतरायचं. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला थांबत नसेल, तर फुप्फुसात पाणी होत असण्याची शक्यता आहे. बोलणं असंबद्ध झालं, पावलापुढे पाऊल ठेवून सरळ रेषेत चालता येईना, तर मेंदूला सूज येत असू शकते. या दोन्हींत उजाडायची वाट बघायची नाही. सोबत माणूस देऊन लगेच खाली. ऑक्सिजन आणि औषधं मिळाली तर द्या, पण त्यासाठी उतरणं लांबवू नका.

संध्याकाळी सगळे जेवणघरातल्या शेगडीभोवती बसतात, तेव्हा प्रत्येकाला वेगळं विचारायला हवं. चारचौघांत 'मी ठीक आहे' हेच उत्तर येतं. "माझ्यामुळे सगळ्यांचा ट्रेक बिघडायला नको" या भावनेपोटी माणूस डोकेदुखी लपवतो. वेळापत्रकात एक दिवस शिल्लक असेल तर त्याला खरं बोलणं सोपं जातं. विश्रांतीच्या दिवसाचा हा फायदा कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या फायद्याइतकाच मोठा आहे. आणि विचारताना पोर्टरदादांनाही विचारा. त्यातले कितीतरी जण खालच्या गावांतून आलेले असतात. त्यांनाही हाच त्रास होतो, आणि मजुरी बुडेल म्हणून ते आपल्यापेक्षाही जास्त लपवतात.

श्रोत्यांमधून एक प्रश्न आला आहे: "डायमॉक्स घेतली तर दिवस वाचेल का?" हे औषध मूत्रपिंडाला बायकार्बोनेट बाहेर टाकायला मदत करतं, म्हणजे सवय होण्याची क्रिया लवकर होते. काहींना त्याची गरजही असते. पण ते सगळ्यांना चालत नाही, सल्फाची ॲलर्जी असेल तर विशेष काळजी लागते, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा. आणि गोळी घेऊनही त्रास होऊ शकतो. दिवस कापायचा परवाना म्हणून ती घेऊ नका.

दुसरा प्रश्न: "बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आकडा चांगला आला तर पुढे जावं का?" थंड बोटांवर तो आकडा फसवतो. आकडा बरा आणि माणूस आजारी असं होऊ शकतं. निर्णय माणसाकडे बघून घ्यायचा.

तेव्हा सुट्टीचा अर्ज करताना हे दोन दिवस धराच, आणि वर एखादा दिवस जास्तीचा मागा. लुक्लाचं विमान हवामानावर अवलंबून असतं, तेव्हा तो वाया जाण्याची शक्यता तशीही कमीच.