बर्फावर घडलेला ड्रायव्हर
वेगाची गोष्ट : लेखांक ९

मागच्या लेखांकात आपण फॉर्म्युला वनमध्ये टर्बो इंजिन कसं आलं ते पाहिलं. १ जुलै १९७९ रोजी फ्रान्समधल्या दिजाँच्या ट्रॅकवर रेनॉच्या टर्बो गाडीनं पहिल्यांदा शर्यत जिंकली, तिथं आपण थांबलो होतो. गंमत अशी, की त्या शर्यतीचा विजेता जाँ-पिएर जाबुई फारसा कुणाला आठवत नाही. आठवतात ते दुसऱ्या क्रमांकासाठी भांडलेले दोघं : रेनॉचा रने आर्नू आणि फेरारीचा जिल व्हिलनव्ह. शेवटच्या फेऱ्यांत चाकाला चाक घासत, ट्रॅकबाहेर जात, पुन्हा आत घुसत दोघं एकमेकांना मागं टाकत राहिले. दुसरा आला व्हिलनव्ह. आजचा लेखांक त्याच्याबद्दल, आणि कॅनडाच्या रेसिंगमध्ये त्याच्या मागं काय उरलं त्याबद्दल.

दिजाँनंतर त्याच्यावर जिवावर उदार झालेला माणूस असा शिक्का बसला, आणि त्यानंही तो पुसण्याची तसदी घेतली नाही. त्याच वर्षी हॉलंडमधल्या झांडफोर्टला मागचा टायर फुटला, तर हा पठ्ठ्या निकामी चाक फरपटत तीन चाकांवर गाडी पिटपर्यंत घेऊन आला. पण नुसतं धाडस मोजत बसलं, तर त्याची सर्वांत मोठी शर्यत नजरेतून सुटते. ती समजून घ्यायची तर आधी क्वेबेकच्या हिवाळ्यात जावं लागेल.

क्वेबेक हा कॅनडाचा फ्रेंचभाषक प्रांत. तिथल्याच जोसेफ-आर्माँ बाँबार्दिए यांनी १९५९ मध्ये ‘स्की-डू’ ही स्नोमोबाइल बाजारात आणली. पुढं दोन स्की, मागं फिरता रबरी पट्टा आणि मोटरसायकलसारखं सीट. बर्फात अडकलेल्या गावांची सोय झाली आणि लवकरच शर्यतीही सुरू झाल्या. १९५० मध्ये जन्मलेला जिल याच वातावरणात वाढला. हिवाळाभर स्नोमोबाइलच्या शर्यती हा त्याचा पोटापाण्याचा धंदा होता. १९७४ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ईगल रिव्हरला त्यानं जागतिक विजेतेपदाची शर्यत जिंकली.

या खेळातून आपण काय शिकलो, हे पुढं त्यानंच सांगून ठेवलं आहे. एक म्हणजे घसरण. बर्फावर पकड अशी नसतेच; यंत्र घसरणार हे धरूनच ते वळवायचं असतं. डांबरी ट्रॅकवर गाडीचं मागचं अंग सुटलं की बाकीचे ड्रायव्हर सावरू लागत. व्हिलनव्हला ती गाडीची नेहमीचीच चाल वाटे. दुसरं म्हणजे न दिसणं. पहिला सोडून बाकी सगळ्यांच्या तोंडावर पुढच्याच्या पट्ट्यानं उडवलेला बर्फाचा भुगा येतो, समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही. त्यामुळं पावसातल्या शर्यतीची त्याला कधी धास्ती वाटली नाही.

उन्हाळ्यात तो फॉर्म्युला ॲटलांटिक ही उत्तर अमेरिकेतली मालिका खेळे. १९७६ मध्ये क्वेबेकमधल्या त्र्वा-रिव्हिएर शहराच्या रस्त्यांवर झालेल्या शर्यतीला फॉर्म्युला वनचे ड्रायव्हर पाहुणे म्हणून आले होते. त्यांत त्याच वर्षी जगज्जेता होणारा जेम्स हंटही होता. व्हिलनव्हनं सगळ्यांना मागं टाकलं. हंटनं परत जाऊन आपल्या मॅकलारेन संघाला त्याचं नाव सांगितलं, आणि १९७७ च्या जुलैत सिल्व्हरस्टोनला त्याला एक शर्यत मिळाली. मॅकलारेननं त्याला पुढं ठेवलं नाही. निकी लाउडाच्या जागी त्याला उचललं ते एन्झो फेरारी यांनी. सुरुवात मात्र कडू झाली. जपानमधल्या फुजीला त्याची गाडी दुसऱ्या गाडीवर चढून उडाली आणि मनाई असलेल्या जागी उभ्या असलेल्यांवर कोसळली. दोन माणसं दगावली.

पुढच्याच वर्षी, ८ ऑक्टोबर १९७८ ला, त्यानं पहिला विजय मिळवला तो घरच्या मैदानावर. मॉन्ट्रियलच्या १९६७ च्या जागतिक प्रदर्शनासाठी सेंट लॉरेन्स नदीत भराव घालून एक बेट तयार केलं होतं. त्या बेटावर आखलेल्या नव्या ट्रॅकवरची ती पहिलीच फॉर्म्युला वन शर्यत होती.

आता ती मोठी शर्यत. २१ जून १९८१, स्पेनमधलं हारामा. फेरारीनं त्या वर्षी टर्बो इंजिन घेतलं होतं. ताकद दांडगी, पण गाडीचा सांगाडा इतका सुमार, की वळणावर ती कुठल्या कुठं जाई. आणि हारामा म्हणजे वळणांचाच ट्रॅक. सरळ पट्टा काय तो एकच. सातव्या स्थानावरून सुटलेला व्हिलनव्ह सुरुवातीलाच दुसरा झाला. १४ व्या फेरीत आघाडीवरचा ॲलन जोन्स ट्रॅकबाहेर गेला आणि शर्यत फेरारीच्या हाती आली. अजून ६० हून जास्त फेऱ्या बाकी होत्या.

मागं हळूहळू लाफित, वॉटसन, रॉयटमन आणि दे आंजेलिस गोळा झाले. चौघांच्याही गाड्या वळणावर फेरारीपेक्षा सरस. घाटात पुढं एसटी असली की मागच्या गाड्या वळणावळणाला तिच्या बुडाशी येतात आणि सपाटीला लागताच ती पुढं निघून जाते, तसला प्रकार. फक्त इथं एकाही वळणावर फट ठेवून चालणार नव्हतं. व्हिलनव्ह ब्रेक लावताना आतली बाजू धरून ठेवी, म्हणजे कुणाला नाक घालायला जागा उरत नसे. आणि सरळ पट्ट्याआधीच्या वळणातून तो गाडी तसूभरही न घसरवता बाहेर काढी, कारण तिथं चाक फिरून क्षण वाया गेला असता तर टर्बोची ताकद फुकट गेली असती. रणरणत्या उन्हात, झिजलेल्या टायरांवर हे फेरीमागून फेरी चाललं. शेवटी पाचही गाड्या अवघ्या १.२४ सेकंदांत रेषा ओलांडून गेल्या, पहिली फेरारी. आयुष्यभर घसरवत गाडी चालवलेल्या माणसानं ही शर्यत न घसरता जिंकली. घसरण कुठं सुरू होते हे ज्याला नेमकं ठाऊक असतं, त्यालाच तिच्या अलीकडं थांबता येतं. हा त्याचा शेवटचा विजय.

त्याच वर्षी सप्टेंबरात मॉन्ट्रियलला पावसात फेरारीची फ्रंट विंग धडकेनं वाकून वर आली आणि तिनं समोरचं दृश्यच झाकलं. तो तशीच गाडी हाकत राहिला. पुढं ती विंग तुटून पडली, तरी तो तिसरा आला. ईगल रिव्हरचं शिक्षण इथं कामी आलं.

१९७९ मध्ये संघाचा आदेश पाळून तो माँझाला सहकारी जोडी शेक्टरच्या मागं राहिला होता. शेक्टर जगज्जेता झाला आणि हा चार गुणांनी मागं पडला. म्हणूनच २५ एप्रिल १९८२ ला इमोलात, पिटमधून वेग कमी करा असा फलक दाखवलेला असताना, सहकारी दिदिए पिरोनीनं शेवटच्या फेरीत त्याला ओलांडलं, तेव्हा तो दगा त्याच्या जिव्हारी लागला. त्यानंतर १३ दिवसांनी बेल्जियममधल्या झोल्डरला पात्रता फेरीत त्याची गाडी योखेन मासच्या संथ गाडीवर आदळली. त्याच रात्री तो गेला. वय ३२, शर्यती ६७, विजय ६.

मॉन्ट्रियलच्या ट्रॅकला त्याच वर्षी त्याचं नाव मिळालं. मुलगा जाक तेव्हा ११ वर्षांचा होता. त्यानं १९९५ मध्ये २७ नंबरच्याच, म्हणजे वडिलांच्या फेरारीच्या नंबरच्या गाडीतून इंडियानापोलिस ५०० जिंकली, तीही दोन फेऱ्यांची शिक्षा भरून काढून. शेवटच्या टप्प्यात आघाडीवर होता स्कॉट गुडइयर, तोही कॅनडाचाच. पेस कारला ओलांडल्यामुळं त्याच्या हातातोंडाशी आलेला घास गेला. १९९७ मध्ये जाक फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. वडिलांच्या नावाच्या ट्रॅकवर मात्र त्याला कधीच जिंकता आलं नाही. १९९७ मध्ये तर तो तिथं दुसऱ्याच फेरीत भिंतीवर आदळला.

जिलचे ६ आणि जाकचे ११ विजय. फॉर्म्युला वनमध्ये कॅनडाच्या नावावर आजवर एवढेच १७ आहेत, आणि सगळे एकाच घरातले. देशात गुणवान ड्रायव्हरांची कमी नाही, पण जिल ज्या वाटेनं आला ती वाट बुजली आहे. आता लहानपणापासून कार्टिंग आणि मग युरोपातल्या महागड्या मालिका, हाच रस्ता. सध्याचा लान्स स्ट्रोल वडिलांच्या संघातून खेळतो. लॉरेन्स स्ट्रोल यांच्या गटानं २०१८ मध्ये विजय मल्ल्या यांचा फोर्स इंडिया संघ घेतला, तोच आजचा ॲस्टन मार्टिन. उलट रॉबर्ट विकेन्सनं २०११ मध्ये फॉर्म्युला रेनॉ ३.५ चं विजेतेपद मिळवलं, तरी त्याला फॉर्म्युला वनची एकही शर्यत मिळाली नाही. जिलचं नाव ट्रॅकला देणं कॅनडाला जमलं. दुसऱ्या हंटच्या एका शब्दावर दुसऱ्या जिलला दार उघडेल, अशी सोय मात्र आता या खेळातच उरलेली नाही.

विकेन्सची गोष्ट तिथं संपत नाही. २०१८ च्या अपघातात मणक्याला इजा होऊनही तो हातानं चालणाऱ्या ब्रेक-ॲक्सिलरेटरच्या गाडीत परतला आणि २०२३ मध्ये विजेताही झाला. अशी गाडी चालते कशी, ते पुढच्या लेखांकात.