उलटी काढण्याची घाई

पोटात गेलेलं विष आधी बाहेर काढायचं, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं हाच प्रथमोपचार ठरतो. टॉयलेट क्लीनरमधलं हायड्रोक्लोरिक ॲसिड किंवा तुंबलेला पाइप मोकळा करणारा कॉस्टिक सोडा पोटात गेला असेल, तर नेमका हाच उपाय घात करतो. ही द्रव्यं मुख्यतः जिथे लागतात तिथेच जाळतात. ॲसिडने ऊतींतली प्रथिनं गोठतात आणि तो गोठलेला थर पुढची वाट थोडीफार अडवतो. कॉस्टिक सोडा मात्र चरबीचा साबण करत, प्रथिनं विरघळवत अन्ननलिकेच्या भिंतीत खोल उतरतो. उलटी झाली की भाजलेली नलिका पुन्हा भाजते, आणि द्रव श्वासमार्गात गेला तर फुप्फुसंही सुटत नाहीत.

मग ॲसिडवर खायचा सोडा, कॉस्टिकवर लिंबू का नको? उंदरांच्या अन्ननलिका शरीराबाहेर काढून केलेल्या प्रयोगांत लगेच दिलेल्या सौम्य आम्लाने कॉस्टिकची इजा कमी झाल्याचं दिसलं आहे, म्हणजे शंका बिनबुडाची नाही. पण त्या नलिकांना उलटी होत नव्हती! घरात काय, किती गिळलं हे क्वचितच नक्की कळतं. मदत पोहोचेपर्यंत बरीचशी इजा होऊन गेलेली असते. आणि खायच्या सोड्यातून निघणारा वायू भाजलेलं जठर फुगवतो. म्हणून चूळ भरायला लावावी, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय काही पाजू नये आणि बाटलीसकट रुग्णालय गाठावं. एरवी विषबाधेत उपयोगी पडणारा सक्रिय कोळसाही इथे टाळतात, कारण तो ही द्रव्यं धरून ठेवत नाही आणि एंडोस्कोपीच्या दुर्बिणीला आतलं दिसू देत नाही.

ओठ-जीभ शाबूत दिसतात, मग दुर्बीण कशाला, असंही विचारलं जातं. तोंडात व्रण नसतानाही अन्ननलिका भाजलेली असू शकते. चंडीगडच्या पीजीआयमधील झरगर आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली एंडोस्कोपीत दिसणाऱ्या इजेची सुधारित प्रतवारी मांडली; नुसत्या लालीपासून ऊती मृत होण्यापर्यंतच्या या पायऱ्यांवरून पुढचा धोका जोखता येतो. ही तपासणी शक्यतो पहिल्या २४ तासांत करतात, कारण काही दिवसांनी भिंत आणखी कमकुवत होते. भोक पडल्याचा संशय असेल तर आधी सीटी स्कॅन होतो, गरज पडल्यास शस्त्रक्रिया. खोल जखम भरताना काही आठवड्यांत नलिका आकसते. मग घास अडकू लागतो आणि ती वारंवार रुंदावून घ्यावी लागते. प्रौढांमध्ये हा द्रव बऱ्याचदा जाणूनबुजून प्यायलेला असतो, त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञांची भेट रुग्ण वॉर्डात असतानाच व्हायला हवी.